लाल वायर, पिवळी वायर आणि बाबा

माझी गाडी बावीस वर्षांची आहे. हसू नका. इंग्लंडमध्ये ऑनसाइट येऊन पाच वर्षं झाली, तरी माझ्या दारात उभी आहे ती 2003 ची, चंदेरी रंगाची, मागच्या दाराला पोचा पडलेली जर्मन हॅचबॅक. अकराशे पौंडांत घेतलेली. टीममधली पोरं तिला ‘आजी’ म्हणतात. दरवर्षी एमओटी टेस्टचा दिवस आला की मी देवाला हात जोडते आणि दरवर्षी आजी ठणठणीत पास होऊन येते. राहते मी रेडिंगला आणि आठवड्यातले तीन दिवस ऑफिस स्विंडनला. एम-फोर हायवेवर जाताना चाळीस मैल, येताना चाळीस मैल. सोबतीला कोण? तर एक रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर. हो, कॅसेट! ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, साधी ऑक्सची भोकसुद्धा नाही.

तर गाडीला नवा डिजिटल रेडिओ बसवायचा, हा माझा गेल्या तीन वर्षांचा नवीन वर्षाचा संकल्प होता. जिमसारखाच. तो 2025 च्या जूनमध्ये अखेर पार पडला, त्याचं कारण बाबा.

बाबा मे महिन्यात आले. आई गेल्यानंतर दोन वर्षं ते सांगलीच्या घरात एकटेच. मी मागे लागून लागून व्हिजिटर व्हिसा काढला, सहा महिन्यांचा. माझा प्लॅन असा, की सहा महिने राहतील, रुळतील, मग दरवर्षी उन्हाळ्यात येतील. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात बाबा जेवता जेवता म्हणाले, “अगं, ते तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ की जरा.”

मी कशीबशी भाजी वाढली. “का? काय कमी आहे इथे?”

“कमी काय असतंय? सगळं आहे. पण मी काय करू दिवसभर?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी 1978 पासून सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. व्हॉल्व्हचे सेट, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. 2004 च्या सुमारास शेजारच्या पोराने त्याच रांगेत मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं आणि बाबांकडे गिऱ्हाईक येईना. दुकान बंद झालं, पण सवय सुटली नाही. आमच्या घरात आजही एखादी वस्तू बिघडली तर घरातल्यांना दुःख होतं आणि बाबांना आनंद. इथे माझ्या फ्लॅटमध्ये काहीच बिघडत नव्हतं. बिघडलं तर घरमालकाचा माणूस यायचा. बाबा त्याच्या मागे उभे राहून बघायचे आणि तो गेल्यावर म्हणायचे, “वायर सोलायची पद्धत नाही बघ.”

त्या रात्री मी ऑनलाइन रेडिओ मागवला. खरं सांगायचं तर रेडिओसाठी नाही. मला दोन वीकेण्ड हवे होते.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, हे कधीतरी तुमच्या कामाला येईल. इकडे डिजिटल रेडिओ म्हणजे ‘डॅब’. बीबीसीने तो 1995 च्या सप्टेंबरमध्ये सुरू केला. आपला एफएम कसा, एका स्टेशनला एक फ्रिक्वेन्सी. डॅबमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर गठ्ठाच्या गठ्ठा येतो. बीबीसीची देशभरची सगळी स्टेशनं 225.648 मेगाहर्ट्झवर, एकाच लोकलचे दहा-अकरा डबे असावेत तशी. शिवाय देशभरातले टॉवर तेच डबे त्याच फ्रिक्वेन्सीवर सोडतात, त्यामुळे रेडिंगहून स्विंडनला जाताना मध्येच स्टेशन बदलून घ्यावं लागत नाही. बाबांना हे समजावताना त्यांनी मला तीनदा थांबवलं. “एका फ्रिक्वेन्सीवर अकरा? आणि एकमेकांत मिसळत नाहीत?” मिसळत नाहीत. प्रत्येक डब्यावर नंबर घातलेला असतो, रेडिओ आपला डबा तेवढा उचलतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे काटा फिरवायचा नाही?”

काटा नाही. यादीतून नाव निवडायचं. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

पार्सल आलं. सिंगल-डिन साइज म्हणजे 180 बाय 50 मिलिमीटरचं तोंड. ही साइज जगभर तीच, त्यामुळे जुन्या गाडीला नवा सेट बसवणं शक्य होतं. नव्या गाड्यांमध्ये रेडिओ, एसी, कॅमेरा सगळं एकाच मोठ्या स्क्रीनमध्ये कोंबलेलं असतं, तिथे हा खेळ संपला. सेट पंच्याण्णव पौंडांचा. बसवून द्यायचे एक दुकानदार सत्तर मागत होता. बाबांनी सत्तर गुणिले रुपये केले आणि बसल्या जागी उठून उभे राहिले.

“टेस्टर कुठाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे कुठला टेस्टर? तर त्यांनी बॅग उघडली. लोणच्याची बरणी, मेतकूट, त्याखाली नॅपकिनमध्ये गुंडाळलेला टेस्टर, एक छोटा टेस्ट लॅम्प, पक्कड आणि त्यांचा जुना तळहाताएवढा ट्रान्झिस्टर. सांगलीहून लंडनला येताना माणूस टेस्ट लॅम्प आणतो! मी काही बोलले नाही. तीन आठवडे तो बॅगेत तसाच पडून होता, एवढंच माझ्या लक्षात आलं.

14 जूनचा शनिवार. रेडिंगमध्ये चक्क ऊन. दहा नंबरच्या पान्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. (हे विसरू नका. नाहीतर फ्यूज जातो आणि वर ओरडा बसतो.) जुना सेट काढायला पातळ पत्र्याच्या चाव्या मिळतात, त्या कडेच्या फटीत सरकवायच्या आणि ओढायचं. मी ओढायच्या बेतात असताना बाबांनी हात धरला.

“कोड आहे का याचा?”

कसला कोड? तर त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या रेडिओला चोरीसाठी कुलूप असायचं. एकदा करंट तुटला की पुन्हा जोडल्यावर तो चार आकडी कोड मागतो, कोड नसेल तर मुका. गाडीच्या जुन्या कागदांत कोड कुठेच नव्हता. आणि निगेटिव्ह तर आम्ही आधीच काढली होती. म्हणजे परतीचा रस्ता बंद! नवा बसला नाही तर जुनाही गेला.

“बाबा, तुम्हाला हे आधी नाही का सुचलं?”

“तू आधी नाही का विचारलंस?”

असो. सेट बाहेर आला. मागे दोन चौकोनी कनेक्टर, एक करंटचा, एक स्पीकरचा, आणि अँटेनाची जाड वायर. रंगांची भाषा बाबांना तोंडपाठ. काळी अर्थिंग. पिवळीला बारा व्होल्ट कायम, गाडी बंद असली तरी, कारण सेटची घड्याळ-स्टेशनं लक्षात ठेवायची तीच. लालला करंट किल्ली फिरवली की. निळी अँटेनाला. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या जोड्या, ज्यावर काळी रेघ ती निगेटिव्ह. “हे सगळीकडे असंच,” बाबा म्हणाले, “मिरजेला बघ नाहीतर लंडनला.” मी म्हटलं रेडिंगला. ते म्हणाले तेच ते.

खरं भांडण झालं अँटेनावरून. डॅबला वेगळी अँटेना लागते. ती काचेला आतून चिकटवायची, वरच्या कोपऱ्यात, आणि तिची एक शेपटी काचेच्या बाजूच्या खांबाला टेकवायची. वायर खांबाच्या प्लॅस्टिकमागून खाली डॅशबोर्डपर्यंत. बाबांनी प्लॅस्टिक काढलं आणि वायर सरळ, सुरेख, टाचणी लावल्यासारखी खाली आणली. दिसायला एकदम प्रोफेशनल.

“थांबा, थांबा. हलवू नका.”

प्लॅस्टिकवर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं होतं. त्या खांबात छतापर्यंत जाणारी पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तिच्यावरून वायर गेली तर अपघातात ती उघडताना अडकू शकते, नाहीतर वायरच तोंडावर येते. वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्याला बांधून न्यायची. हे मी आदल्या रात्री माहितीपत्रकात वाचलं होतं. बाबांनी वायर सोडली. हात पुसले. म्हणाले, “मला गाड्या कळत नाहीत. तू कर.” आणि बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

मी केलं. वेडंवाकडं, पण मागून नेलं. मनात म्हटलं, झालं, सत्तर पौंड वाचवायच्या नादात उरलेले चार महिने घालवले.

चालू केला. एफएम छान. डॅब? ‘स्टेशन नाही.’ पुन्हा शोधलं. ‘स्टेशन नाही.’ मी सेटिंगमध्ये घुसले, माहितीपत्रक उलटंसुलटं वाचलं. पंधरा मिनिटांनी कट्ट्यावरून आवाज आला, “शेपटी कशाला लावलीस?”

“खांबाला.”

“खांबाला का प्लॅस्टिकला?”

मी शेपटी प्लॅस्टिकच्या क्लिपवर चिकटवली होती. अर्थिंग लोखंडाला लागतं, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं, रेडिओ मेकॅनिकच्या पोरीला तर हवंच. बाबा उठले, शेपटी सोडवली, पत्र्यावर बोटाने घट्ट दाबली. यादी भराभरा वाढत गेली. चाळीसच्या वर स्टेशनं. बाबा पुन्हा गाडीत बसले. एक-एक, मी समजले.

रविवारी सकाळी बघते तर सेटची पाटी कोरी! घड्याळ बारावर, स्टेशनं गायब. पुन्हा लावली. दुपारी दुकानात जाऊन आलो, गाडी बंद केली, चालू केली, पुन्हा कोरी. मी लगेच ‘परत कसं पाठवायचं’ हे शोधायला बसले. आपल्या पिढीचा हा हातखंडा, वस्तू उघडायच्या आधी रिटर्न पॉलिसी. बाबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, सेट बाहेर ओढला, किल्ली काढून ठेवली आणि टेस्ट लॅम्पचं टोक पिवळीला लावलं. दिवा नाही. लालला लावलं. दिवा लागला.

“उलटं आहे गं. तुझ्या गाडीत लालच्या जागी कायमचा करंट येतोय आणि पिवळीच्या जागी किल्लीचा. किल्ली काढली की हा सगळं विसरणारच. याचा काय दोष?”

सेट बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून बऱ्याच सेटच्या वायरींवर लाल-पिवळीला मध्येच सुटणारे जोड ठेवलेले असतात. बाबांनी दोन्ही सोडवले आणि लाल पिवळीला, पिवळी लालला जोडली. वेळ दोन मिनिटं. तुमच्या गाडीतला नवा सेट रोज रात्री सगळं विसरत असेल तर दुकानात जायच्या आधी हे बघा. दहातल्या किती वेळा हेच निघतं ते मला माहीत नाही, बाबांना विचारलं तर ते ‘बारा वेळा’ म्हणतात.

जाता जाता, इकडे येणाऱ्या मंडळींना एक सल्ला. इथला डॅबचा सेट मस्त वाटला म्हणून पुण्याला नेऊ नका. आपल्या आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळीच पद्धत निवडली, तिथे डॅब मुका राहील. अमेरिकेहून सेट आणणाऱ्यांची आणखी गंमत. तिकडचे एफएम सेट दशांशात विषम आकड्यांवरच थांबतात, म्हणजे 100.9 मिळतं, 101.1 मिळतं, आणि पुण्याची विविध भारती बसलीय मधोमध 101 वर. सेटिंगमध्ये विभाग बदलता येतो का, ते घेण्याआधी बघा.

तर त्या रविवारी संध्याकाळी बाबांनी सहाला एक प्रयोग केला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आपला ट्रान्झिस्टर, एफएमवर बीबीसी रेडिओ फोर. गाडीत तेच स्टेशन डॅबवर. दारं उघडी. सहाच्या ठोक्याला बिग बेनचे टोले आधी खिडकीतून आले आणि मग, चांगल्या दोन-तीन सेकंदांनी, गाडीतून. डिजिटलला आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला वेळ लागतो.

“हा उशिरा बोलतो,” बाबा म्हणाले. जावई पसंत नाही, या सुरात.

आणखी एक तक्रार त्यांची कायम राहिली. एफएमचं सिग्नल कमी झालं की खरखर वाढते, पण मागे माणूस बोलत असतो, कान देऊन ऐकता येतं. डॅब एक तर लख्ख, नाहीतर चिखलात बुडबुडे फुटावेत तसा ‘बुडबुड’ आवाज, आणि मग चिडीचूप. मधलं काही नाही. “खरखरीतून माणूस ओळखता यायचा,” बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी 1971 ची गोष्ट सांगितली. मी ती शंभरदा ऐकलेली आहे, पण गाडीत बसून पहिल्यांदाच.

24 ऑगस्ट 1971, ओव्हल. बाबा चौदा वर्षांचे. आदल्या दिवशी चंद्रशेखरने 38 धावांत सहा काढलेले. वाडेकरांची टीम इंग्लंडमध्ये सिरीज जिंकायच्या बेतात, जे आधी कधी झालं नव्हतं. गल्लीत शॉर्टवेव्हचा सेट एकाच घरी, अंगणात सगळी गल्ली. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. जिंकायला चार-पाच धावा राहिल्या आणि आवाज गेला तो गेलाच. सेटचा मालक काटा फिरवतोय, कुणी एरियल धरून उभं आहे. आवाज परत आला तेव्हा नुसता गलका. अबिद अलीने चौकार मारला होता. तो चौकार आमच्या गल्लीने ऐकलाच नाही. “त्या दिवशी ठरवलं,” बाबा म्हणाले, “आत काय असतं ते उघडून बघायचं.”

तिकीट अलीकडचं करायचा विषय त्यानंतर निघाला नाही. 20 जूनला हेडिंग्लेला भारताची सिरीज सुरू होत होती, पाच टेस्ट. बाबा म्हणाले, “सिरीज संपेपर्यंत थांबतो. मग मात्र जातो.” शेवटची टेस्ट ओव्हलला, 31 जुलै ते 4 ऑगस्ट. मी 4 ऑगस्टच्या दुपारचं तिकीट काढलं. म्हटलं, पाचव्या दिवसापर्यंत हल्ली कुठे चालतात टेस्ट!

आता टेस्टची बॉल टू बॉल कॉमेंट्री बीबीसीच्या ‘फाइव्ह स्पोर्ट्स एक्स्ट्रा’वर, आणि ते स्टेशन एफएमवर नाहीच, डॅबवर आहे. फोनवरही येतं. मी फोन दिला, स्पीकर दिला. बाबांनी दोन ओव्हर ऐकलं आणि गाडीची किल्ली मागितली. “फोन म्हणजे रेडिओ नव्हे.” मग मी घरून काम करत असले की हे दृश्य: खिडकीखाली गाडी, गाडीत पुढच्या सीटवर बाबा, मांडीवर डबा, दार अर्धं उघडं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई माझं दार ठोठावून काळजीने विचारून गेल्या की, तुमचे वडील घरात येऊ शकत नाहीत का? काही प्रॉब्लेम आहे का? इंग्रज माणूस एवढं विचारतो म्हणजे फार झालं. एजबॅस्टनला आपण 336 धावांनी जिंकलो तेव्हा त्याच बाई आल्याचा बिस्किटांचा पुडा देऊन गेल्या. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही. बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

लॉर्ड्सचा शेवटचा दिवस सोमवारी होता, 14 जुलैला. जडेजा तळ ठोकून आणि बाबा गाडीत तळ ठोकून. सिराजचा बॉल बॅटला लागून घरंगळत स्टंपवर गेला, आपण 22 धावांनी हरलो. बाबा वर आले, जेवले नाहीत. मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर आजीने फक्त ‘टक्’ केलं. दिवसभर किल्ली लावून रेडिओ ऐकल्यावर जुन्या बॅटरीत काय राहणार? त्याच शेजारणीच्या गाडीवरून केबल लावून जंप स्टार्ट. स्विंडनला पोचायला पाऊण तास उशीर. मी चिडले होते, ते बोललेही. बाबांनी संध्याकाळी फक्त विचारलं, बॅटरीचा नंबर काय. पुढच्या शनिवारी नवी बॅटरी त्यांनीच बसवली. पैसे द्यायला माझ्या हातात त्यांनी रुपये ठेवले, पाचशेच्या नोटा, मोजून. मी घेतले. नको म्हटलं असतं तर ते लगेच तिकिटाचं विचारतील, अशी भीती वाटली.

रविवार, 3 ऑगस्ट. ब्रूकचं शतक, रूटचं शतक, इंग्लंड आरामात जिंकतंय. 19 वर असताना ब्रूकचा कॅच सिराजने धरला आणि पाय दोरीवर टेकवला. बाबा त्याला सांगलीच्या शेलक्या शब्दांत काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही. आणि मग अंधार, पाऊस, खेळ बंद! इंग्लंडला 35 हव्यात, आपल्याला चार विकेट. उरलेला खेळ सोमवारी सकाळी अकराला. आणि विमान सोमवारी दुपारी साडेतीनला. बाबांच्या हिशेबाने एअरपोर्टवर बाराला पोचायलाच हवं.

अकराला आम्ही डिकीत बॅगा भरत होतो. पहिल्या दोन बॉलला ओव्हरटनचे दोन चौकार. “चला,” बाबा म्हणाले, “हे काय ऐकायचं.” पण स्लावच्या अलीकडे स्मिथ गेला, सिराज. मग ओव्हरटन पायचीत, पुन्हा सिराज. हायवेवर पुलाखालून जाताना आवाज अर्धा सेकंद बुडबुडला की बाबा डॅशबोर्डला हात लावायचे, एरियल धरून उभं राहिल्यासारखे. मी डाव्या लेनमध्ये साठच्या पुढे गेले नाही.

चार नंबरच्या एक्झिटला उतरलो तेव्हा आठ विकेट गेलेल्या. टर्मिनलचं पार्किंग म्हणजे काँक्रीटचे मजलेच्या मजले, आत शिरलं की डॅब संपलाच. बाबा म्हणाले, “आत नको.” आयुष्यात पहिल्यांदा ते उशिरा पोचायला तयार झाले होते. मी बाथ रोडवरच्या एका पेट्रोल पंपात गाडी घातली आणि हवा भरायच्या मशीनजवळ उभी केली. तिथे प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. नऊ आउट. आणि वोक्स आला, खांदा निखळलेला, डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला. बाबा हळूच म्हणाले, “शाब्बास रे.” अॅटकिन्सनने सिराजला सिक्स मारली. पंपावरचे पाकिस्तानी चाचा फोनवर मॅच बघत आमच्या गाडीजवळ येऊन उभे राहिलेले. सात हव्यात. सहा झाल्या तरी टाय. वर विमानं एकामागून एक उतरतायत, आणि मी मनात म्हणतेय, आजी, आता बुडबुडू नकोस.

यॉर्कर. ऑफ स्टंप. सहा धावांनी.

बाबा दार उघडून बाहेर आले आणि ओरडले. अख्ख्या बाथ रोडला ऐकू गेलं असेल. चाचांनी फोनवरून मान वर केली. “अरे भाईसाब, मेरा तो अभी बॉल भी नहीं डाला!” डॅब दोन-तीन सेकंद मागे असला तरी फोनचं स्ट्रीमिंग त्याच्याही मागे होतं, चांगलं अर्धं मिनिट. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगलीच्या हिंदीत म्हणाले, “देखो, देखो, आता है अभी.” मग दोघांनी मिळून ती विकेट पुन्हा बघितली. बाबा पुन्हा ओरडले.

चेक-इनला आम्ही पावणेएकला पोचलो. बाबांच्या बॅगेचं वजन दोन किलो जास्त. उघडून बघते तर टेस्टर, टेस्ट लॅम्प, पक्कड काहीच नव्हतं, ते सगळं गाडीच्या ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलेलं मला नंतर सापडलं. त्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळलेला माझा जुना रेडिओ, कोड नसलेला.

“हा कशाला? हा मुका आहे बाबा.”

“असू दे की. बघतो.”

आता ते सांगलीत टेबलावर जुनी बॅटरी ठेवून त्याला कोड देत बसतात. दोन चुकले की सेट तासभर बंद पडतो, मग पुन्हा दोन. चार आकडी कोड म्हणजे दहा हजार. मी फोनवर हिशेब करून सांगितला, सगळे करून बघायचे तर पाच हजार तास लागतील.

“मग? सव्वादोनशेवर आलोय,” बाबा म्हणाले. “तुझी बॅटरी कशी आहे?”